दोन केमोंच्या मधले एकवीस दिवस

आईची पहिली केमो झाली आणि संध्याकाळी आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला घरी आलो तेव्हा माझ्या हातात डिस्चार्जचा कागद, औषधांची पिशवी आणि पुढची तारीख एवढंच होतं, पुढची तारीख म्हणजे एकवीस दिवसांनी. मला वाटलं अवघड होतं ते झालं, सलाईनमधून औषध गेलं, उलटी नाही काही नाही, आई रिक्षात बसून भाजीचे भाव विचारत होती. पण खरं काम तिथून पुढे होतं आणि ते हॉस्पिटलात नाही तर आपल्या घरात, आपल्या हाताने करायचं होतं, हे मला कोणी नीट बसवून सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. आईच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये आठ महिने तिच्यासोबत होते, आणि सिस्टरना, डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते सांगतेय. तुमच्या पेशंटचं औषध वेगळं असेल तर दिवस आणि त्रास थोडे वेगळे असतील, तिथे तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

आधी एकवीस दिवसच का ते बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा वाढतात म्हणून मरतात, पण आपल्या शरीरात चांगल्या पेशी पण काही ठिकाणी भराभर वाढत असतात: केसांची मुळं, तोंडापासून आतड्यापर्यंतचं आतलं अस्तर आणि हाडांच्या आतला मगज म्हणजे बोन मॅरो, जिथे रक्त तयार होतं. औषधाला आपला-परका कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात आणि रक्तातले काउंट पडतात. यातलं केसांचं सगळ्यांना दिसतं आणि त्याचंच सगळ्यांना जास्त वाईट वाटतं, पण जिवावर बेततं ते काउंटचं, जे डोळ्यांना दिसत नाही.

आता काउंट पडतात म्हणजे काय. समजा घराबाहेरची सगळी दुकानं आठ-दहा दिवस बंद झाली. घरातलं आधी काय संपेल? दूध. मग भाजी. गहू वर्षाचे भरलेले असतात, ते शेवटी. रक्ताचं अगदी तसंच आहे. इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यातल्या न्यूट्रोफिल, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, त्या दुधासारख्या, रोज नव्या लागतात. जखमेतलं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट साधारण आठ-दहा दिवस जगतात. आणि लाल पेशी 120 दिवस. मगजातला कारखाना केमोने थंडावला की आधी न्यूट्रोफिल संपतात, मग प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन हळूहळू दोन-तीन केमोनंतर उतरत जातं. बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास न्यूट्रोफिल सगळ्यात खाली असतात, मग कारखाना पुन्हा चालू होतो आणि एकविसाव्या दिवसापर्यंत काउंट वर येतात, तेव्हा पुढची केमो देता येते. दर आठवड्याला द्यायच्या केमोही असतात, त्यात डोस लहान असतो.

म्हणजे पहिला आठवडा मळमळीचा आणि थकव्याचा, दुसरा आठवडा जपायचा, आणि तिसरा आठवडा चांगला. आमच्या घरी याचा मी कॅलेंडरवर रंग केला होता, आपलं ते भिंतीवरचं तारीख-तिथीचं कॅलेंडर असतं ना त्याच्यावर, केमोच्या दिवसापासून मोजून सात ते चौदा या तारखांना लाल स्केच पेनने गोल. लग्नकार्य, बारसं, मंदिर, काय असेल ते तिसऱ्या आठवड्यात. लाल गोलात पाहुणे बंद. नातेवाईकांना वाईट वाटतं, मावशी महिनाभर रुसली होती, पण सर्दी-खोकला असलेल्या माणसाने दुसऱ्या आठवड्यात घरात येऊ नये हे तोंडावर सांगावंच लागतं. आणि आता सिंहस्थाच्या निमित्ताने पंचवटीत गर्दी वाढत जाणार, तर केमो चालू असताना रामकुंडावर स्नानाला नका नेऊ, श्रद्धा कितीही असली तरी. पाणी घरी आणूनही शिंपडायचं नाही, प्यायचं तर नाहीच.

रिपोर्टचं एक गणित शिका, पाच मिनिटांचं आहे. सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीच्या कागदावर टोटल डब्ल्यूबीसी, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींचा आकडा असतो आणि खाली न्यूट्रोफिलचे टक्के. दोन्हींचा गुणाकार करून शंभराने भागायचं. डब्ल्यूबीसी 2100 आणि न्यूट्रोफिल 30 टक्के, म्हणजे 630. याला डॉक्टर एएनसी म्हणतात. 1500 च्या वर साधारण ठीक, 1000 च्या खाली सांभाळून, 500 च्या खाली म्हणजे अंगात लढायला जवळजवळ कोणीच नाही. बऱ्याच लॅब नुसता टोटल डब्ल्यूबीसी ठळक करतात आणि आपण तोच बघत बसतो, पण टोटल बरा असूनही न्यूट्रोफिल कमी असू शकतात. पुढच्या केमोच्या आदल्या दिवशी रक्त दिलं आणि काउंट कमी आल्यामुळे केमो आठवडाभर पुढे ढकलली तर घाबरून जाऊ नका, ते फार कॉमन आहे, ट्रीटमेंट फसली असा त्याचा अर्थ होत नाही.

आता ताप. हा पॅरेग्राफ घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

दुसऱ्या केमोचा दहावा दिवस होता, डिसेंबर, नाशिकची ती हाडं गोठवणारी थंडी. निफाडहून आत्या आली होती मदतीला. संध्याकाळी आई म्हणाली अंग दुखतंय, आत्याने मायेने तिच्या पर्समधली तापाची गोळी दिली, आपण सगळे देतो तशीच. मी रात्री अकराला ताप बघितला तर 99.2, म्हटलं ठीक आहे. पहाटे तीनला आईचे दात वाजत होते, दोन रजयांमध्ये. ताप 102. गोळीने मधले सहा तास ताप झाकून ठेवला होता. आम्ही कॅज्युअल्टीत गेलो तर ड्युटीवरच्या मुलाने परत तीच गोळी द्यायला सांगितली आणि सकाळी ओपीडीत दाखवा म्हणाला. मी ऐकलं आणि बाकड्यावर बसून राहिले, चाळीस मिनिटं, कारण मला माहीतच नव्हतं की काय बोलायचं असतं. मग एका वयस्कर सिस्टरने फाइल बघितली, केमोची तारीख वाचली आणि धावत डॉक्टरांना उठवून आणलं. डब्ल्यूबीसी 900, न्यूट्रोफिल 20 टक्के. करा गुणाकार. पाच दिवस ॲडमिट होती, सलाईनमधून अँटिबायोटिक. वाचली.

तर नियम असा. केमो चालू असलेल्या माणसाचा ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की ती इमर्जन्सी आहे, मग रात्रीचे दोन असोत की दिवाळीची पहाट असो. फोन करायचा आणि निघायचं. न्यूट्रोफिल कमी असताना आलेल्या तापात पहिलं अँटिबायोटिक पोचल्यापासून एका तासाच्या आत सुरू व्हायला पाहिजे असं जगभर मानतात. तापाची गोळी ताप मोजल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, अंगदुखीसाठीसुद्धा नाही. आणि नुसता आकडा बघू नका: केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्याने ताप चढतच नाही कधीकधी, म्हातारी माणसं पण तापत नाहीत, तेव्हा थंडी वाजून हुडहुडी भरली, माणूस गुंगीत बोलायला लागलं, धाप लागली, लघवी कमी झाली तर आकडा 99 असला तरी निघा.

दारात पोचल्यावर काय बोलायचं ते पाठ करून ठेवा: "केमोचा पेशंट आहे, ताप आलाय, शेवटची केमो अमुक तारखेला झाली, न्यूट्रोफिल कमी असू शकतात." बस्स. "बरं वाटत नाहीये" एवढंच म्हटलं की तुम्ही रांगेत बसता. मी हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजला मॅग्नेटने लावलं होतं, खाली कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर आणि 108, कारण मी घरी नसताना शेजारच्या काकूंनाही ते वाचता आलं पाहिजे. डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एकाचा सेल नेमका त्याच रात्री संपतो.

दुसरा घोळ आमच्याकडे औषधाच्या रंगाने झाला. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बऱ्याच जणींना लाल रंगाचं औषध देतात, डॉक्सोरुबिसिन त्याचं नाव. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. आईने ते बघून कोणाला न सांगता रात्रभर रडून काढली. पण दोन दिवसांनंतरही लाल राहिली किंवा जळजळ होतेय तर मात्र कळवा, कारण सोबतचं सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध लघवीच्या पिशवीला त्रास देतं, म्हणूनच भरपूर पाणी प्यायला आणि लघवी न तुंबवायला सांगतात. केमोनंतर पहिले 48 तास औषध लघवीतून, उलटीतून बाहेर पडत असतं, तेव्हा फ्लश दोनदा करा, झाकण लावून, आणि भांडं किंवा चादर साफ करणाऱ्याने हातमोजे घाला. पेशंटजवळ बसायला, जेवायला, मिठी मारायला काही हरकत नाही. घरातल्या नातवंडांना आजीपासून लांब ठेवणारे लोक मी पाहिलेत, कॅन्सर लागत नाही हो, तिला जवळ घ्या.

मळमळीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, लिहून दिलेल्या वेळेला, बरं वाटत असलं तरी. आई म्हणायची कशाला उगाच गोळ्या, आणि मग उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकायची नाही. अजून एक, ऑनडॅनसेट्रॉन नावाची जी नेहमीची उलटीची गोळी आहे तिने पोट गच्च होतं. चार चार दिवस संडास होत नाही आणि आपण समजतो जेवण कमी आहे म्हणून. आधीच डॉक्टरांकडून पोट साफ व्हायचं औषध लिहून घ्या. उलट जुलाब लागले, नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जायला लागलं, तर ओआरएस सुरू करून फोन करा. तोंड आलं तर एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायची, बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, टूथब्रश लहान मुलांचा मऊ घ्या. आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्झालिप्लॅटिन देतात त्या पेशंटना थंडीचं वेगळंच असतं, फ्रिजचं सोडा, माठातलं पाणी प्यायलं तरी घशात आवळल्यासारखं होतं आणि स्टीलचा गार तांब्या धरला तरी बोटांना करंट बसतो. त्यांच्या हाताशी थर्मास ठेवा, हिवाळ्यात तर घरातही मोजे.

जेवणाबद्दल सगळं गाव सल्ला देतं. हे खाऊ नका ते खाऊ नका करत माणूस अर्धा होतो, आणि वजन उतरलं की केमो सोसत नाही. तत्त्व साधं आहे, ताजं आणि पूर्ण शिजलेलं. मऊ भात-मेतकूट-तूप, मुगाचं कढण, नाचणीची खीर, पिठलं, पूर्ण उकडलेलं अंडं, पनीर, थोडं थोडं दर दोन तासांनी. दुसऱ्या आठवड्यात कच्चे मोड, कापून ठेवलेली फळं, बर्फ घातलेला उसाचा रस, गाड्यावरची चटणी बंद. आपल्या नाशिकच्या माणसाला मिसळ सोडणं किती जड जातं मला माहितीये, वडिलांनी आईसाठी घरी केली होती तिसऱ्या आठवड्यात, तिखट कमी, मटकी नीट शिजवून. चव गेलेली असते तेव्हा लिंबाची फोड किंवा आमसुलाचं सार पहिल्यांदा द्या, तोंड आलेलं नसेल तर.

आणि द्राक्षं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याच भागात ही गडबड होते. बऱ्याच औषधांच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ग्रेपफ्रूट खाऊ नका. आमच्या वॉर्डात दिंडोरीकडचं एक कुटुंब होतं, स्वतःची बाग, आणि त्यांनी आजोबांना वर्षभर द्राक्षाचा एक मणी दिला नव्हता. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हेच! ते मोठ्या संत्र्यासारखं, पपनसाच्या जातीतलं कडसर फळ आहे, त्याच्यामुळे काही औषधं शरीरात जास्त साठतात. पपनसही तसंच करू शकतं, तेव्हा ते टाळा. द्राक्षाचा त्याच्याशी संबंध नाही. द्राक्षाला साल काढता येत नाही एवढंच, म्हणून काउंट खाली असताना नको, तिसऱ्या आठवड्यात वाहत्या पाण्याखाली मणी सुटे करून नीट धुवून खुशाल द्या.

काढे, रस, पुड्या यांचं काय? डॉक्टरांपासून लपवू नका. एवढंच सांगते. गुळवेल कोविडच्या काळात घरोघरी चालू झाली आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदवल्या. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात, त्यात ही भर नको.

काउंट वाढवायचं इंजेक्शन असतं, पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली द्यायचं. ते 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि फ्रीजरमध्ये तर अजिबात नाही, गोठलं की फेकायचं. मेडिकलमधून आणताना बर्फाची पिशवी मागून घ्या, सिन्नर, येवला असं लांब जायचं असेल तर जास्तच. केमो संपल्यावर 24 तास गेल्याशिवाय ते देत नाहीत. ते दिल्यावर कंबर आणि मांड्यांची हाडं जाम दुखतात, मगज कामाला लागल्याचं ते दुखणं आहे, पण त्यावरची गोळीसुद्धा ताप मोजूनच.

पैशांचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पांढरं रेशनकार्ड असेल तरी. लोक चुकतात कुठे, तर आधी पैसे भरून ट्रीटमेंट सुरू करतात आणि मग योजनेचं विचारतात. ही कॅशलेस योजना आहे, आधी मंजुरी लागते, बिल दाखवून पैसे परत असं नाही. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की पहिल्या दिवशी, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल शोधा, रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन. हेल्पलाइन 155388, आयुष्मानची 14555. आधार आणि रेशनकार्डावरच्या नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते आजच बघा, आईचं एका अक्षराने अडलं होतं आणि त्यात नऊ दिवस गेले. शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय सरकारी आहे आणि तिथे कॅन्सर, हार्ट, किडनी अशा मोठ्या आजारांवरचे उपचार होतात. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना कायद्याने 10 टक्के बेड निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवावे लागतात, वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार अशा त्याच्या मर्यादा आहेत, तहसीलदाराचा दाखला लागतो. मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. औषधांचं पण विचारा, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतीत खूप फरक असतो. सरकारने 2019 मध्ये कॅन्सरच्या 42 औषधांवरचा विक्रीतला नफा 30 टक्क्यांवर बांधून दिला, तरी डॉक्टरांना "यातलं स्वस्त चालेल का" हे विचारायला लाजू नका.

बरेच नाशिककर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये प्लॅन ठरवून घेतात आणि केमो इथे घेतात, ते चांगलंच आहे. तिथे जाताना नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक लागतात. ब्लॉक म्हणजे तुमच्या गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो तो, पॅथॉलॉजी लॅबकडे अर्ज केला की मिळतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे. ट्रीटमेंटसाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सेकंड क्लास आणि चेअर कारला 75 टक्के सूट, सोबतच्या एका माणसालाही सूट आहे. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यावा लागतो. आम्ही नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने जायचो, पण सातवा ते चौदावा दिवस टाळूनच, आणि मास्क लावून.

फाइल एकच करा, जाड, आणि नवीन कागद सगळ्यात वर. पहिल्या पानावर हाताने लिहा: आजाराचं नाव, स्टेज, औषधांची नावं, आतापर्यंतच्या केमोच्या तारखा, कशाची ॲलर्जी, शुगर-बीपीच्या गोळ्या. तेच पान मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या तिघांकडे. पहाटे तीनला ज्या सिस्टरने माझ्या आईला वाचवलं तिला फाइलमध्ये केमोची तारीख शोधायलाच वेळ लागला होता, ती चौदाव्या पानावर होती.

सांभाळणाऱ्या माणसाबद्दल थोडं. मला चौथ्या केमोच्या सुमारास झोप येईनाशी झाली, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. 14416 हा टेलीमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही. मी दोनदा केला. पुण्याहून भाऊ दर दुसऱ्या आठवड्यात येऊन दोन रात्री जागायला लागला तेव्हा खरा फरक पडला, पण ते मी मागितलं तेव्हाच झालं. आणि कोणी डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना भेटा म्हटलं तर हात-पाय गाळू नका, दुखणं, झोप, मळमळ कमी करणारी ती माणसं असतात, ट्रीटमेंट चालू असतानाही मदत करतात.

शेवटची केमो झाली म्हणजे सगळं लगेच पूर्ववत होत नाही. काउंटचे ते एकवीस दिवस शेवटच्या केमोनंतरही तसेच जातात, आणि लोक नेमकं तेव्हाच पेढे वाटत फिरतात, तर तो लाल गोल एकदा आणखी काढा. पॅक्लिटॅक्सेल नावाचं केमोचं औषध घेतलेल्यांच्या बोटांना मुंग्या महिनोनमहिने राहतात, आईला अजून ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत आणि गॅसची शेगडी पेटवताना मी जवळ उभी राहते, कारण चटका बसलेला तिला कळत नाही. थकवा सहा महिने, कधी वर्ष. रोज थोडं चालल्याने तो कमी होतो, झोपून राहिल्याने वाढतो. आई आता संध्याकाळी कॉलनीतल्या गार्डनला दोन चकरा मारते, डोक्यावर बोटभर केस आलेत, पूर्वी सरळ होते आता कुरळे येतायत. छातीजवळ कातडीखाली बसवलेला केमो पोर्ट, म्हणजे औषध सोडायची छोटी डबी, अजून काढलेला नाही, तो दर चार ते सहा आठवड्यांनी फ्लश करून, म्हणजे आतून धुवून घ्यावा लागतो नाहीतर आत गुठळी होऊन बंद पडतो. पुढचं फ्लश सोमवारी आहे, कॅलेंडरवर निळ्या पेनने लिहिलंय.